प्रेम की ताबा? नात्यातला छळ ओळखा, वेळीच पाऊल उचला

चळवळीतल्या मुलामुलींच्या ओळखी शिबिरात, वसतिगृहात, अभ्यासिकेत होतात. काहींचे प्रेम जुळते. त्यात गैर काही नाही. पण त्या नात्यात छळ सुरू झाला तर बोलायचे कोणाशी? घरी नाते लपवलेले असते. समोरचा कार्यकर्ता असेल, तर "चळवळीची बदनामी होईल" म्हणून तोंड बंद केले जाते. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

छळ कसा ओळखावा?

सुरुवात सहसा मारहाणीने होत नाही. मोबाईलचा पासवर्ड मागणे, लोकेशन सतत चालू ठेवायला लावणे, कपड्यांवर आणि मैत्रीवर बंधने, चारचौघांत पाणउतारा, पैसे काढून घेणे, नको म्हटल्यावरही शरीरसंबंधासाठी दबाव, "सोडून गेलीस तर जीव देईन" अशी धमकी, खासगी फोटो पसरवण्याची भीती, भांडणात जात काढणे. मग माफी, रडणे, भेटवस्तू आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. स्वतःला एकच प्रश्न विचारा : या माणसाला "नाही" म्हणायची मला भीती वाटते का? हा छळ मुलांचाही होतो, समलिंगी नात्यातही होतो.

कायदा काय सांगतो?

• भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने वारंवार पाठलाग वा संपर्क करणे, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे.
• खासगी फोटो काढायला संमती दिली म्हणजे तो पसरवायला दिली असे होत नाही. मुलीचा असा फोटो तिच्या संमतीविना पसरवणे कलम ७७ खाली गुन्हा ठरतो. धमकीसाठी कलम ३५१ आहे.
• कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ लग्नासारखे एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. नुसत्या भेटीगाठींच्या नात्याला तो लागू होत नाही.
• १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. अनुसूचित जातीच्या मुलीची जात माहीत असताना बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने संमतीविना लैंगिक स्पर्श केला, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागतो.
• वय १८ पेक्षा कमी असेल तर पोक्सो कायदा लागू होतो. तिथे मुलीची वा मुलाची संमती धरली जात नाही.

काय करावे?

मेसेज, कॉल रेकॉर्ड पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. "शेवटचे एकदा भेट" म्हटले तरी एकट्याने जाऊ नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, अठराखालील मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यासाठी १९३०. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. सर्व स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा क्रमांक १५१००.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आधी ऐकून घ्या, विश्वास ठेवा. "तू गेलीसच कशाला?" हे विचारू नका. तिला न विचारता त्याला जाब विचारायला जाऊ नका. राग तिच्यावरच निघतो. बैठकीत समेट घडवून प्रकरण मिटवू नका. लैंगिक अत्याचार पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, ग्रुपवर पोस्ट टाकण्याआधी हे लक्षात ठेवा. आरोपी संघटनेचा पदाधिकारी असेल, तर चौकशी होईपर्यंत त्याला पदावरून दूर ठेवा.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने वागावे, गुलाम होऊ नये. लग्नाआधीच्या नात्यालाही हीच कसोटी लावू या. बदनामी छळ उघड केल्याने होत नाही, तो झाकल्याने होते.