किल्ली ओळख देत नाही तेव्हा

भामरागडहून अहेरीच्या रुग्णालयाकडे निघालेल्या एका जुन्या मोटारीची आपण कल्पना करू. पावसाळ्यातली संध्याकाळ आहे, दोन्ही बाजूंना सागाचे जंगल आहे आणि मागच्या आसनावर तापाने फणफणलेले मूल आहे. वाटेत थांबवलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिन क्षणभर पेटते आणि बंद पडते. समोर किल्लीच्या चित्राचा लहानसा दिवा लुकलुकत राहतो. इंजिन धडधाकट आहे. गाडी आपल्या मालकालाच चोर समजते आहे!

असे का घडावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट वाचले. गाडी सुरू करणे सोपे झाले, तसे ती पळवणेही सोपे झाले. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत किंवा अँबॅसडरमध्ये किल्ली म्हणजे मुळात एक स्विचच होता. त्यामागच्या तारा एकमेकींना जोडल्या, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘डायरेक्ट’ केली, की काम झाले. जुन्या डिझेल जीपची तर आणखी मौज. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. इंधनपंप यांत्रिक असेल, तर उतारावर ढकलून सुरू केलेले इंजिन विजेशिवायही चालत राहते. म्हणून काही मालक आसनाखाली एखादे गुप्त बटण बसवून घेत, तर काही सुकाणूला साखळी बांधत.

नुसत्या धातूच्या किल्लीवर भागत नाही, हे कळल्यावर किल्लीला विजेची ओळख देण्यात आली. १९८६ साली अमेरिकेतील कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत एक छोटा रोधक बसवला गेला. रोधाची १५ वेगवेगळी मूल्ये ठरवलेली होती. गाडी तो रोध मोजे आणि जुळला तरच इंजिन सुरू होऊ देई. पण येथे ओहमचा नियम आडवा आला. किल्लीवर मळ साचला किंवा संपर्काच्या पट्ट्या झिजल्या, की रोध बदले आणि खरी किल्लीही खोटी ठरे.

मग स्पर्शच टाळायचे ठरले. १८३१ साली फॅरेडे यांनी शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे कामी आले. कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे किल्लीतल्या इवल्याशा चिपला वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते. चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघाने नव्या मोटारींना अशी इंजिन रोखणारी यंत्रणा सक्तीची केली. पुढे आपल्याकडच्या गाड्यांतही ती रुळली. तीही अभेद्य नव्हती. ४० बिटांची किल्ली म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. तरीही २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतील संशोधकांनी अशी एक पद्धत भेदून दाखवली.

आता आपल्या गाडीकडे वळू. चंद्रपूर-गडचिरोलीचा कडक उन्हाळा बॅटरीचे आयुष्य कमी करतो, तर पावसाळ्यातली ओल जोडण्यांवर हिरवट थर चढवते. उंदीर तारा कुरतडतात, ते वेगळेच. तेव्हा घाबरून तारा ओढण्याआधी क्रमाने विचार करावा. स्टार्टर नुसताच ‘टक टक’ करून दिवे मंदावत असतील, तर आधी बॅटरी पाहावी. विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन फिरते आहे आणि किल्लीचा दिवाही लुकलुकतो आहे, तर ओळखीत घोटाळा असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी जुडग्यातल्या इतर किल्ल्या वेगळ्या कराव्यात. शेजारची दुसरी चिप किंवा धातू संदेशात अडथळा आणू शकतो. मग दुसरी किल्ली लावून पाहावी. तिने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्ही नापास झाल्या, तर फ्यूज, वेटोळे आणि त्याच्या जोडण्या तपासाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम रस्त्यावरही तितकाच खरा आहे.

कोणत्याही कुलपाच्या हातून दोन चुका होऊ शकतात: चोराला आत घेणे आणि मालकाला अडवणे. पहिली टाळण्यासाठी कुलूप जितके कडक करावे, तितकी दुसरीची शक्यता वाढते. शहरातल्या वाहनतळावर पहिली चूक महाग पडते. मोबाइलला रेंज नसलेल्या जंगलरस्त्यावर दुसरी. हा हिशेब विद्यार्थ्यांपुढे जरूर मांडावा. आणि लांबच्या प्रवासाला निघताना दुसरी किल्ली घरच्या कपाटात ठेवू नये. ती सोबत असावी, पण त्याच जुडग्यात नव्हे.