मोजणीबाहेरचे हात

देशाचे मनुष्यबळ वाढले, असे आपण बातम्यांत नेहमी ऐकतो. माणसे वाढली की राबणारे हात वाढणारच, त्यात नवल ते काय? पण आपल्या जनगणनेचा इतिहास चाळला, तर गोष्ट इतकी सरळ दिसत नाही.

१९६१ साली देशात सुमारे १८ कोटी ८७ लाख कामकरी नोंदले गेले. पुढच्या दहा वर्षांत लोकसंख्या जवळपास ११ कोटींनी वाढली. मग कामकरीही वाढायला हवे होते. पण १९७१ साली आकडा निघाला १८ कोटी ४ लाख! पुरुष कामकरी वाढले होते. स्त्रिया मात्र ५ कोटी ९४ लाखांवरून ३ कोटी १३ लाखांवर आल्या होत्या.

एवढ्या बायका गेल्या कुठे? कुठेच नाही. बदलला होता तो प्रश्न. १९६१ साली हंगामाचा बराच काळ दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम करणारी बाईही कामकरी ठरत होती. १९७१ साली विचारले गेले, मुख्य उद्योग कोणता? उत्तर आले, घरकाम.

मी यंत्रमागांच्या गावात वाढलो. आमच्या मोहल्ल्यात अम्मी कांड्या भरायची, शेजारच्या खाला विड्या वळायच्या. चुलीवर भात, मांडीवर मूल आणि पुढ्यात तेंदूपानांचे सूप. कुणी विचारले, तर त्या सहज म्हणत, ‘काम कसलं? घरीच तर असते.’ वास्तविक १९६६च्या विडी कामगार कायद्यात घरी विड्या वळणाऱ्यांचाही समावेश होता. कायद्याला त्या कामगार वाटल्या, पण त्यांना स्वतःला तसे कधी वाटले नाही.

पुढे चूक थोडी थोडी सुधारत गेली. १९८१ साली मुख्य आणि सीमांत अशी कामकऱ्यांची विभागणी झाली. १९९१ साली शेतातले वा घरच्या धंद्यातले बिनमजुरीचे कामही धरावे, असे प्रश्नातच लिहिले गेले. २०११ साली कामकरी ४८ कोटींवर पोचले. त्यांत स्त्रिया होत्या जवळजवळ १५ कोटी.

अलीकडच्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला वाटा २०१७-१८मधल्या २३ टक्क्यांवरून २०२३-२४मध्ये जवळपास ४२ टक्क्यांवर गेला. ऐकून बरे वाटते. पण यातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के घरच्याच शेतात वा धंद्यात विनावेतन राबतात. म्हणजे मोजणीत त्या आल्या, मजुरी मात्र अजून आलेली नाही.

योजना आकड्यांवर आखल्या जातात. जी बाई आकड्यात नाही, तिच्या पाठदुखीची, तिच्या म्हातारपणाची तजवीज कोण करणार? म्हणून एवढीच विनंती, की जनगणनेचा माणूस दारात आला, तर ‘ती काही करत नाही’ असे तिच्या वतीने सांगू नका. तिलाच विचारू द्या. आणि तिनेही दिवसभरात काय काय केले, ते सगळे सांगावे.