ध्वनिविवर्धक, घरी जुळवावयाचा

सुट्या भागांच्या संचातून ग्राहकाने स्वतः जोडून तयार करावयाचा, निर्वात नलिकांवर चालणारा ध्वनिविवर्धक. तबकडी, रेडिओ किंवा ध्वनिफीत यांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतका प्रबल करणाऱ्या साधनास ध्वनिविवर्धक म्हणतात. व्यवहारात व्हॉल्व्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्वात नलिका, रोहित्रे, रोधक, धारित्रे, पत्र्याची बैठक, तारा व स्क्रू हे सर्व भाग एका खोक्यात घालून जोडणीच्या पुस्तिकेसह विकले जात. अशा सामग्रीस संच ही संज्ञा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरची सुमारे तीन दशके हा या संचांच्या भरभराटीचा काळ होय. संचाने विवर्धकाचा अभिकल्प व त्याची जुळणी ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी केली. अवघड निर्णय अभियंत्याने आधीच घेतलेले असत. हातांचे श्रम ग्राहकाचे असत. या विभागणीमुळे उच्च दर्जाचे ध्वनिपुनरुत्पादन बेताच्या उत्पन्नाच्या घरांतही पोहोचले. मात्र जोडणाऱ्याला त्यातून वस्तूबरोबर ज्ञानही मिळाले काय, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित होतो.

पार्श्वभूमी : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नलिका तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत तारेचे जालक बसविले. जालकावरील अल्प दाबाच्या चढउतारांनी नलिकेतून जाणारा मोठा प्रवाह नियंत्रित करता येतो, हे तत्त्व सर्व नलिका-विवर्धकांचा पाया आहे. १९२०–३० या दशकात रेडिओग्रहणी घरी जुळविण्याचा छंद यूरोप व अमेरिकेत पसरला होता. तथापि त्या काळच्या विवर्धकांतून निघणाऱ्या ध्वनीत मूळ संकेतात नसलेली विकृती बरीच असे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण पुनःप्रदायाची कल्पना मांडली. विवर्धकाच्या प्रदानाचा काही अंश उलट करून आदानाकडे परत नेल्यास विवर्धन घटते, परंतु त्याच प्रमाणात विकृतीही घटते, असा तिचा आशय आहे. ब्रिटनमध्ये हॅरल्ड लीक यांनी १९४५ मध्ये ०·१% विकृतीचा विवर्धक बाजारात आणला. १९४८ मध्ये अमेरिकेत सूक्ष्म खाचांच्या दीर्घवादन तबकड्या विक्रीस आल्या. त्यांवरील ध्वनिमुद्रणाचा दर्जा जुन्या तबकड्यांहून पुष्कळच वरचा होता व त्याला साजेशा विवर्धकाची गरज श्रोत्यांना जाणवू लागली.

विल्यमसन विवर्धक : ब्रिटिश अभियंते डी. टी. एन. विल्यमसन यांनी वायरलेस वर्ल्ड या मासिकाच्या एप्रिल व मे १९४७ च्या अंकांत एका १५ वॉट विवर्धकाचे संपूर्ण मंडल प्रसिद्ध केले. त्यात केटी ६६ जातीच्या दोन नलिका त्रिप्रस्थाप्रमाणे जोडलेल्या असून त्या संकेत एकमेकींच्या विरुद्ध कलेत वाहून नेत. प्रदान रोहित्रासह सर्व टप्प्यांभोवती सुमारे २० डेसिबेल ऋण पुनःप्रदाय दिलेला होता व पूर्ण शक्तीस विकृती ०·१ टक्क्याहून कमी राही. जिज्ञासू वाचकाला घरी बांधता येईल अशा तपशिलाने हा अभिकल्प दिलेला असल्याने तो अल्पावधीत अनेक देशांत पोहोचला.

त्यातील खरी अडचण प्रदान रोहित्राची होती. नलिकेला काही हजार ओहमांचा भार लागतो, तर ध्वनिक्षेपकाचा संरोध ४ ते १६ ओहम असतो. या दोहोंचा मेळ रोहित्र घालते. त्यातून जाणारा संकेत श्राव्य कंप्रतांच्या दोन्ही टोकांच्या पलीकडेही विशेष कालांतर न होता गेला नाही, तर पुनःप्रदाय विकृती घटविण्याऐवजी विवर्धकात आपोआप आंदोलने निर्माण करतो. असे रोहित्र तयार करण्यासाठी प्राथमिक व द्वितीयक वेटोळी अनेक भागांत विभागून एकमेकांत गुंफावी लागतात. मंडल छापलेले असूनही हा एक भाग घरी बनविणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. रोहित्र तयार देणे व बाकीची जुळणी ग्राहकावर सोपविणे, ही संचाची कल्पना येथे स्वाभाविकपणे उपयोगी पडली.

हीथ कंपनीचे संच : संचांच्या व्यवसायात अमेरिकेतील हीथ कंपनी अग्रेसर होती. एडवर्ड हीथ यांनी स्थापन केलेली ही कंपनी प्रारंभी हलक्या विमानांचे जोडणी-संच विकीत असे. १९३१ मध्ये विमान-अपघातात हीथ यांचा मृत्यू झाला व १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनी यांनी कंपनी विकत घेतली. पुढे ती मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथून चालू लागली. महायुद्ध संपल्यावर लष्कराकडील इलेक्ट्रॉनीय भागांचे साठे स्वस्तात विक्रीस निघाले. त्यांतील भाग वापरून कंपनीने १९४७ मध्ये दोलनदर्शकाचा संच काढला. त्याच्या यशानंतर मापनयंत्रे, रेडिओग्रहणी व विवर्धक यांचे संच ‘हीथकिट’ या नावाने निघाले. त्यांत विल्यमसन पद्धतीचे विवर्धकही होते.

हीथकिटच्या यशाचे श्रेय भागांइतकेच पुस्तिकेला द्यावे लागते. इलेक्ट्रॉनिकीचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीनेही जोडणी पुरी करावी, हे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्येक कृती एका छोट्या वाक्यात दिलेली असे : अमुक लांबीची तार तोडावी, तिचे एक टोक अमुक टोकणास जोडावे, डाख द्यावा किंवा तूर्त देऊ नये. प्रत्येक वाक्यापुढे खूण करण्यासाठी मोकळी जागा असे. मोठ्या आकृत्यांत तारांचा प्रत्यक्ष मार्ग दाखविलेला असे. कारखान्यातील जुळणीचे काम लहान कृतींत फोडण्याची जी पद्धत होती, तीच येथे घरातील जेवणाच्या मेजावर आली. फरक इतकाच, की सर्व कृती एकाच व्यक्तीने क्रमाने करावयाच्या होत्या.

डायनाकिट : डेव्हिड हाफ्लर व हर्बर्ट केरोज यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये ऑडिओ एंजिनिअरिंग या मासिकात प्रदान टप्प्याची एक सुधारित जोडणी मांडली. तीत नलिकेचे पटल-जालक रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्यावरील मधल्या एका बिंदूस जोडतात. त्यामुळे पंचप्रस्थाची शक्ती व त्रिप्रस्थाची अल्प विकृती यांचा बराचसा लाभ एकत्र मिळतो. या जोडणीचे मूळ ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यांच्या १९३७ च्या एकस्वात आढळते. तिचा प्रसार मात्र हाफ्लर व केरोज यांच्या लेखामुळे झाला. हाफ्लर यांनी १९५५ मध्ये एड लॉरेंट यांच्या सहकार्याने फिलाडेल्फिया येथे डायनाको कंपनी काढली. उत्तम प्रदान रोहित्र हा तिच्या विवर्धकांचा कणा होता.

स्टीरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात आल्यावर एका घराला एकाऐवजी दोन विवर्धक लागू लागले. १९५९ मध्ये डायनाकोने दोन मार्गांचा ‘स्टीरिओ ७०’ हा संच काढला. प्रत्येक मार्गाची शक्ती ३५ वॉट होती. त्यात ईएल ३४ जातीच्या चार, ७१९९ जातीच्या दोन व एकदिशकारक म्हणून जीझेड ३४ ही एक, अशा एकूण सात नलिका होत्या. प्रारंभीच्या टप्प्यांचे मंडल कारखान्यातच एका छापील पाटीवर बसवून दिलेले असे. ज्या ठिकाणी चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक, तो भाग अशा रीतीने ग्राहकाच्या हातून काढून घेतल्याने जोडणी एका दिवसात पुरी होऊ शके. संचाची किंमत ९९·९५ डॉलर, तर कारखान्यात जोडलेल्या विवर्धकाची १२९·९५ डॉलर होती. १९७७ पर्यंत या विवर्धकाची विक्री साडेतीन लाखांवर गेल्याचे सांगितले जाते.

जुळणीची पद्धत : प्रथम बैठकीवर नलिकांची पायठाणे, टोकणे व शेवटी वजनदार रोहित्रे बसवितात. नंतर नलिका तापविणाऱ्या ६·३ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाच्या तारा एकमेकींना पीळ देऊन बैठकीच्या कडेलगत नेतात. तसे न केल्यास ध्वनिक्षेपकातून सतत घुमणारा आवाज येतो. भूजोडण्याही ठरलेल्या बिंदूंपाशीच द्याव्या लागतात. रोधकांची मूल्ये त्यांवरील रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात. डाख देताना डाखणीने आधी जोड तापवून मग त्यावर कथिल-शिशाची तार टेकवितात. जोड पुरेसा न तापल्यास डाख वरवर चिकटतो आणि असा कच्चा जोड हे बिघाडाचे नेहमीचे कारण ठरते.

शेवटी नलिकांतील स्थिर प्रवाह ठरवावा लागतो. स्टीरिओ ७० मध्ये प्रत्येक मार्गाच्या दोन्ही प्रदान नलिकांचा प्रवाह १५·६ ओहमांच्या एका रोधकातून जातो. त्यावरील दाब १·५६ व्होल्ट येईपर्यंत एक खुंटी फिरवावयाची असते; म्हणजे प्रवाह १०० मिलिअँपिअर, किंवा दर नलिकेस सुमारे ५० मिलिअँपिअर होतो. नव्या शुष्क विद्युत् घटाचा दाबही जवळजवळ एवढाच असल्याने साध्या मापकाचे वाचन त्याच्याशी ताडून पाहता येते.

या विवर्धकांत ४०० व्होल्टांहून अधिक एकदिश दाब असतो व तो प्राणघातक ठरू शकतो. विद्युत् पुरवठा तोडल्यावरही धारित्रांत विद्युत् भार साठून राहतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी तो रोधकामार्गे निचरू देणे व मापकाने खात्री करून घेणे आवश्यक असते. ध्वनिक्षेपक न जोडता विवर्धकास संकेत दिल्यास प्रदान रोहित्राच्या वेटोळ्यांतील निरोधन फुटण्याचा धोका असतो.

इतर देश : ब्रिटनमध्ये मुलार्ड या नलिका बनविणाऱ्या कंपनीने १९५४ मध्ये ‘फाइव्ह-टेन’ हे मंडल प्रसिद्ध केले. पाच नलिका व दहा वॉट शक्ती, असा या नावाचा अर्थ आहे. मंडल फुकट वाटून नलिकांचा खप वाढविणे, हा त्यामागील व्यापारी हेतू होता. भारतात बंगलोर (नंतरचे बंगळूरु) येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये ग्रहणी नलिकांचे उत्पादन सुरू केले. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होता. मासिकातील मंडलावरून अशा बाजारातले भाग निवडून विवर्धक बांधणाऱ्याला बैठकीला भोके पाडण्यापासून तारांचे मार्ग ठरविण्यापर्यंतचे सर्व निर्णय स्वतः घ्यावे लागत. संच जोडणाऱ्याच्या मानाने त्याला अपयश अधिक येई, पण मंडलाची ओळखही अधिक सखोल होई.

शैक्षणिक मूल्य : पुस्तिकेतील वाक्यांपुढे खुणा करीत जाणाऱ्याला विवर्धक का चालतो हे न कळताही तो चालू करता येत असे. संच म्हणजे ग्राहकाच्या श्रमाने चालणारा कारखाना होय, अशी टीका करण्यास त्यामुळे जागा राहते. तथापि जोडणी पुरी होऊनही विवर्धक बोलला नाही, म्हणजे परिस्थिती पालटत असे. पुस्तिकेच्या अखेरीस मंडलाकृती व नलिकेच्या प्रत्येक पायावर अपेक्षित असलेल्या दाबांचा तक्ता दिलेला असे. मोजलेला दाब तक्त्याहून वेगळा का, याचा शोध घेताना कोणता रोधक कशासाठी आहे हे समजून घ्यावेच लागे. संच निर्दोष जुळला तर वस्तू मिळे. चुकला तर बहुधा विद्याही मिळे. शिवाय ज्याने जोड स्वतः दिले, त्याला पुढील अनेक वर्षे दुरुस्तीसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागत नसे.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : ट्रँझिस्टरचा शोध १९४७ मध्ये, विल्यमसन मंडलाच्याच वर्षी, लागला होता, परंतु घरगुती विवर्धकांत त्याने नलिकेची जागा घेतली ती १९६० नंतरच्या दशकात. डायनाकोनेही १९६६ मध्ये ट्रँझिस्टरांचा संच काढला. ट्रँझिस्टर-विवर्धकास प्रदान रोहित्र बहुधा लागत नाही व उच्च दाबही लागत नाही. संचांच्या पीछेहाटीचे अधिक खोल कारण मात्र आर्थिक होते. हाताने तारा जोडण्याची मजुरी जोवर किमतीचा मोठा हिस्सा होती, तोवर ते श्रम स्वतः करणाऱ्याची बचत होत असे. छापील मंडले व यंत्राने भाग बसविण्याची पद्धत रूढ झाल्यावर हा हिस्सा नगण्य झाला आणि तयार वस्तू संचाहून स्वस्त पडू लागली. हीथ कंपनीने १९९२ मध्ये संचांचा व्यवसाय बंद केला.

तरीही नलिका-विवर्धक नाहीसा झाला नाही. विद्युत् गिटारवादकांना नलिकांच्या विकृतीचा विशिष्ट नाद हवा असल्याने रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथे नलिकांचे उत्पादन टिकून राहिले. त्या आधारावर घरगुती विवर्धकांचे संच पुन्हा निघू लागले. ७१९९ ही नलिका दुर्मिळ झाल्याने स्टीरिओ ७० साठी इतर नलिका वापरणाऱ्या नव्या छापील पाट्याही तयार झाल्या. मापनाच्या दृष्टीने आधुनिक अर्धसंवाहक विवर्धकाची विकृती पुष्कळच कमी असते व तो स्वस्तही पडतो. नलिकांच्या ध्वनीची आवड हा अभिरुचीचा भाग आहे. पूर्वी पैसे वाचविण्यासाठी संच घेतला जाई. आता तयार विवर्धकाहून अधिक पैसे देऊनही तो घेतला जातो. भाग मोजके व डोळ्यांना दिसणारे असल्यामुळे संकेताचा आदानापासून प्रदानापर्यंतचा मार्ग त्यात बोटाने दाखविता येतो. एकाच संकलित मंडलात हजारो घटक सामावलेल्या साधनांच्या काळात, इलेक्ट्रॉनिकीची पहिली ओळख करून देण्यास हा विवर्धक म्हणूनच अद्याप उपयुक्त ठरतो.