दमडी मशीद : किल्ला बांधणाऱ्या हातांची वास्तू

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) भुईकोट किल्ल्याजवळ दमडी मशीद उभी आहे. साहिर खान याने ती 1567 मध्ये बांधली. आकाराने लहान, पण कोरीव दगडकामात निजामशाहीच्या बहुतेक वास्तूंपेक्षा सरस, अशी ही मशीद आहे. तिच्या नावामागची परंपरा किल्ल्याच्या बांधकामाशी जोडलेली आहे.

मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे 1494 मध्ये तिथेच आपले शहर वसवले. किल्ला त्या काळी मातीचा होता. हुसेन निजामशहाने 1559 ते 1562 या काळात तो दगडी बांधून काढला. सुमारे पावणेदोन किलोमीटरचा घेर, बुरूज, भोवती रुंद खंदक : एवढे काम म्हणजे पाथरवट, गवंडी, बेलदार, चुना मळणारे, पाणी वाहणारे अशा मोठ्या मनुष्यबळाचा वर्षानुवर्षांचा रोजगार. या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून मशीद उभी राहिली, असे परंपरा सांगते. दमडी हे अगदी हलके नाणे. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असे मराठीत कंजुषाला म्हणतात. इथे मात्र तीच दमडी वर्गणी झाली.

किल्ला पुरा झाल्यानंतर पाच वर्षांनी मशीद झाली. मधल्या काळात विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई (1565) होऊन गेली होती, हुसेनशहाही वारला होता आणि गादीवर मुर्तजा निजामशहा होता. त्यामुळे दमडीच्या कथेला तारखांचा पक्का आधार आहे असे म्हणता येत नाही. तरी ती अविश्वसनीयही वाटत नाही, कारण मशिदीचा दगडच तिच्या बाजूने बोलतो. हा दख्खनचा काळा पाषाण. तो कठीण असतो. छिन्नीचा एक घाव चुकला की कोपरा उडतो, आणि दगडाला ठिगळ लावता येत नाही. अशा पाषाणात फुले, वेली आणि कमानींच्या कडा इतक्या नाजूक उतरवायच्या तर हात आधी बरीच वर्षे त्याच दगडावर चाललेला हवा. तटाचे भक्कम, साधे चिरे घडवून तयार झालेला हात इथे नक्षीकडे वळला असावा.

किल्ल्याचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. चांदबिबीने तो लढवला, 1803 मध्ये ब्रिटिश सेनापती वेलस्लीने घेतला, 1942 ते 1945 या काळात नेहरू आणि इतर नेते तिथे कैदेत होते. मशिदीच्या वाट्याला अशी मोठी नावे आली नाहीत. मजुरांपैकी एकाचेही नाव परंपरेने जपलेले नाही. जपले ते त्यांच्या नाण्याचे.

मशिदीचे तोंड पूर्वेला आहे. नक्षी नीट पाहायची असेल तर सकाळी उशिरा, ऊन डोक्यावर येण्याच्या थोडे आधी जावे; तिरपे ऊन दर्शनी भागावर पडते तेव्हा कोरीव रेघ न् रेघ उठून दिसते.