समतोलाचा सिद्धान्त आणि घरगुती सागरी काचपात्र

घरातील काचपात्रात समुद्राचे पाणी साठवून त्यात सागरी जीव पाळण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रूढ झाली. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला होता आणि आगगाडीमुळे किनाऱ्यावरील जीव लंडनपर्यंत जिवंत पोहोचू लागले होते. या प्रथेचा इतिहास सांगताना रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या समतोलाच्या कल्पनेस बहुधा अग्रस्थान देण्यात येते. वनस्पती प्राणवायू पुरवितात, प्राणी कार्बन डायऑक्साइड सोडतात. दोहोंचे प्रमाण जुळले म्हणजे पाणी बदलावे लागत नाही, अशी ती कल्पना होय. तिच्यात तथ्य होते. तथापि पाणी प्रत्यक्षात कशामुळे निर्मळ राहते, याचा पुरता उलगडा तिने होत नाही.

वॉरिंग्टन यांच्यापूर्वीचेच एक उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्की येथील प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी वारंवार मिळणे कठीण. तेव्हा साठ्यातलेच पाणी उघड्या खिडकीपुढे या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचे, असा क्रम ठेवण्यात आला. हे श्रम घरातील एक लहान मोलकरीण करी. तिचे नाव कोणी नोंदविले नाही. पण आज पंप जे काम करतो ते त्या घरी तिचे हात करीत होते. थिन यांचा वृत्तान्त १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर समतोलाची कल्पना सर्वमान्य झालेली होती.

वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये बारा गॅलनच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. कुजण्याचा प्रश्न त्यांच्या दृष्टीस पडला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. मात्र त्यांनी शोधलेले उत्तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यापुरतेच राहिले. १८५२ पासून त्यांनी हीच पद्धती समुद्राच्या पाण्यास लावली.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची अडचण फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये दूर केली. ब्रायटनजवळील समुद्रजलाच्या पृथक्करणाचा आधार घेऊन त्यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली : खाण्याचे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन, आणि चार क्वार्टहून किंचित कमी पाणी. अत्यल्प म्हणून चुन्याचे क्षार त्यांनी गाळले. वॉरिंग्टन यांनी त्याच वर्षी दिलेल्या कृतीत ते आहेत, आणि या बाबतीत न्याय वॉरिंग्टन यांच्याच बाजूचा आहे. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो पाण्यातील चुना सतत शोषून घेतो. आजच्या प्रवाळपात्रांना चुन्याची निवळी थेंबथेंब सोडावी लागते किंवा कॅल्शियम रिॲक्टर जोडावा लागतो, तो याचसाठी.

लंडनमध्ये सागरी जीवांचे दुकान चालविणाऱ्या विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी निराळा मार्ग धरला. १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात प्रेक्षकांपुढील टाक्यांत सुमारे २०,००० गॅलन, तर खालच्या अंधाऱ्या कुंडात सुमारे १,००,००० गॅलन पाणी होते, आणि पंपाने ते अहोरात्र फिरत असे. अंधारात वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत. तरीही पाणी टिकले. घरगुती पात्राखालची आजची टाकी हे त्याच कुंडाचे लघुरूप मानता येईल.

पाणी टिकण्यामागचे एक मोठे कारण जलशास्त्राऐवजी कृषिरसायनातून पुढे आले. अमोनियाचे नायट्रेट होणे ही सूक्ष्मजीवांची क्रिया आहे, असे श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखविले. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट, हे रॉथॅमस्टेड येथील ज्या संशोधकाने शेतजमिनीच्या अभ्यासातून स्पष्ट केले, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो काचपात्रवाल्या वॉरिंग्टन यांचा पुत्र होय. ते सूक्ष्मजीव वेगळे काढणे त्याला साधले नाही. ते विनोग्राड्स्की यांना १८९० मध्ये साधले. पिता १८६७ मध्येच निवर्तला होता.