कबरा, अबलख आणि पायबाल्ड

गेल्या शनिवारी टीमबरोबर माथेरानला गेलो होतो. सोबत क्लायंटकडून आलेल्या एक इंग्रज बाई होत्या. मी मूळचा खालापूर तालुक्यातल्या चौकचा, म्हणजे माथेरानच्या पायथ्याचा. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहूनच डोंगर चढला आणि साहेबलोकांना माथेरान 'सापडलं'. त्यामुळे गाइडगिरी आपसूकच माझ्या गळ्यात.

दस्तुरीला गाड्या थांबतात. तिथे एक काळा-पांढरा घोडा उभा होता. बाई एकदम खूश. "व्हॉट अ लव्हली पायबाल्ड!" मला फक्त 'बाल्ड' ऐकू आलं. म्हटलं, यांना घोड्याचं टक्कल कुठून दिसलं? माझा चेहरा बघून त्यांनीच समजावलं. पांढऱ्यावर काळे मोठे पट्टे-ठिगळं असली तर पायबाल्ड, काळ्याऐवजी तपकिरी वगैरे असली तर स्क्यूबाल्ड.

घोडेवाले काका म्हणाले, "अबलख आहे तो."

माझ्या तोंडात तिसराच शब्द आला होता, पण मी तो गिळला. कबरा.

कारण सांगतो. मला कोड आहे. दोन्ही हातांवर आणि मानेवर. सातवीत सुरू झालं आणि शाळेत माझं नाव पडलं 'कबऱ्या'. दहावीपर्यंत तेच. अजूनही हा शब्द कानावर आला की मी शर्टाच्या बाह्या खाली ओढतो.

रविवारी तीन शब्दांचं खोदकाम केलं. सवय वाईट, बग दिसला की रूट कॉज शोधल्याशिवाय झोप येत नाही.

आधी पायबाल्ड. यातला 'पाय' म्हणजे मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी. तो आपल्याकडे नसतो, पण कर्जतच्या कुठल्याही वाडीत शीळ घालणाऱ्या आपल्या काळ्या-पांढऱ्या दयाळाला इंग्रजीत मॅगपाय रॉबिन म्हणतात, ते त्याच्यावरूनच. आणि 'बाल्ड' म्हणजे जुन्या इंग्रजीत पांढरा डाग असलेला. अमेरिकेचा बाल्ड ईगलही टकला नाही, पांढऱ्या डोक्याचा आहे! 'पाइड' हे याच घरातलं विशेषण. 'सिलिकॉन व्हॅली' मालिकेतल्या कंपनीचं नाव 'पाइड पायपर' होतं. आपण सगळ्यांनी ती मालिका बघितली, पण पाइड म्हणजे काय हे कोणी विचारलं? तो पायपर रंगीबेरंगी अंगरखा घालायचा म्हणून पाइड. मराठीत तो नुसताच पुंगीवाला झाला, अंगरखा हॅम्लिनलाच राहिला.

आता अबलख. इतकी वर्षं मी समजत होतो की अबलख म्हणजे उमदा, देखणा, तगडा. ऑफिसात चार मराठी मित्रांना विचारलं, चौघांचीही तीच समजूत. पण मूळ अरबी शब्द अबलक, आणि अर्थ अगदी साधा: काळा-पांढरा. कैरो-दमास्कसमध्ये काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे आलटून-पालटून थर देऊन भिंती बांधतात, त्या बांधणीलाही अबलकच म्हणतात. म्हणजे माझ्या 'कबरा'चाच अर्थ! मग एक शब्द शिवी आणि दुसरा कौतुक, असं का?

माझं उत्तर असं की शब्दाला किंमत जनावराची मिळाली.

कबरा हा घरचा शब्द. संस्कृत कर्बुरपासून घासत-घासत गोठ्यात आलेला. कबरी गाय, कबरं मांजर, कबरी कोंबडी. रोजचं, फुकटचं. घोड्याचं तसं नव्हतं. दख्खनच्या फौजांना लागतील तेवढे चांगले घोडे इथे पैदा होत नसत. ते अरबस्तान-इराणहून जहाजाने कोकणच्या बंदरांत उतरायचे. १४७० च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला आणि खालापूरच्या शेजारच्या पालीवरून पुढे घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि मुसलमान हो, मग परत देतो, असा आग्रह धरला. शेवटी घोडा परत मिळाला. एका जनावरापायी एवढं नाट्य! अशा घोड्यांबरोबर त्यांच्या रंगांची नावंही आली. अबलख, कुमेत, मुश्की. सरदाराच्या मांडीखालचा तो अबलख आणि गोठ्यातली ती कबरी. अर्थ विसरला गेला, रुबाब उरला.

अजून एक सापडलं. मुघल फौजेत शिपायाने एकच घोडा दोनदा दाखवू नये म्हणून घोड्याला तापल्या लोखंडाचा शिक्का मारत आणि त्याचं वर्णन वहीत लिहीत. त्या शिक्क्याचं फारसी नाव 'दाग'. आपला डाग तो हाच. स्किनच्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, "डाग कधीपासून आहेत?" तो शब्द घोड्यांच्या तपासणीतून फिरून आलाय हे तेव्हा कळलं असतं तर जरा हसलो तरी असतो.

फरक एकच. त्या घोड्याच्या पांढऱ्या भागात रंग बनवणाऱ्या पेशी जन्माआधी पोचल्याच नाहीत. माझ्याकडे पोचल्या होत्या, पण माझ्याच प्रतिकारशक्तीने त्या मारल्या. म्हणजे त्याच्यात इन्स्टॉलच झालं नाही, माझ्यात नंतर अनइन्स्टॉल झालं. संसर्ग दोघांचाही होत नाही. हे ठळक अक्षरांत लिहायला हवं, कारण लोकलमध्ये अजूनही माझ्या शेजारची जागा कधीकधी रिकामी राहते.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. त्यातला वाण म्हणजे रंगच. आपल्या आजोबा-पणजोबांनाही माहीत होतं की शेजारी बसून रंग लागत नाही.

हे सगळं आत्ताच का आठवलं? सध्या आई माझ्या लग्नाच्या मागे लागली आहे. काल रात्री एका साइटवर प्रोफाइल भरत होतो. 'वर्ण' हा रकाना आला. आई म्हणाली, "गव्हाळ टाक, बाकीचं भेटल्यावर सांगू." मी 'अबलख' टाकणार होतो, पण ड्रॉपडाउन निघाला. गोरा, गव्हाळ, सावळा. चौथा पर्यायच नाही.

मग 'स्वतःबद्दल' या चौकटीत पहिल्याच ओळीत लिहिलं: मला कोड आहे, हातांवर आणि मानेवर. आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "फोटो अर्ध्या बाह्यांचा लाव."

माथेरानचाच लावलाय. मागे घोडा पण आलाय.