पाळीव कुत्रा मोकाट फिरत असल्यास...

गळ्यात पट्टा असलेला कुत्रा सकाळी दार उघडताच बाहेर पडतो, दिवसभर गल्लीत हिंडतो आणि रात्री भाकरीच्या वेळी घरी परततो, हे दृश्य देशातील बहुतेक शहरांत व गावांत परिचित आहे. तो शाळेत जाणाऱ्या मुलांवर धावून जातो, दुचाकींचा पाठलाग करतो, कचरा उपसतो. तक्रार करणाऱ्यास मात्र ‘तो कुणाला काही करत नाही’ असे ठरलेले उत्तर मिळते. असा कुत्रा खऱ्या अर्थाने भटका नसतो आणि नीट पाळलेलाही नसतो. त्याची जबाबदारी कोणाची, हे निश्चित करणे ही उपायाची पहिली पायरी होय.

जबाबदारी कोणाची?

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियम अधिसूचित केले. त्यांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. या नियमांनुसार पाळीव प्राण्याचे जंतनाशन, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. बेवारस कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण करण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्यात आले असून, शस्त्रक्रियेनंतर अशा कुत्र्यांना पुन्हा मूळ ठिकाणी सोडले जाते. कानाला पाडलेली खाच ही त्यांची ओळख असते.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख इतकी नोंदविण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना लसीकरण व निर्बीजीकरणानंतर त्याच भागात सोडण्यास अनुमती दिली. हा सर्व विचार भटक्या कुत्र्यांचा आहे. ज्या कुत्र्याला मालक आहे, त्याच्याबाबतीत नगरपालिकेकडे बोट दाखवून मालकास मोकळे होता येत नाही.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनेक महानगरांत पाळीव कुत्र्याची नोंदणीही आवश्यक असते. दिल्ली महानगरपालिका अधिनियम, १९५७ मध्ये कुत्र्याची नोंदणी आणि गळ्यातील धातूचा बिल्ला यासंबंधी तरतूद आहे.

याचा अर्थ कुत्र्याला दिवसभर साखळीने जखडून ठेवावे, असा नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ११ या बाबतीत दोन्ही बाजू पाहते. संसर्गजन्य रोग झालेल्या आपल्या जनावरास जाणूनबुजून रस्त्यावर मोकळे फिरू देणे ही त्या कलमानुसार क्रूरता आहे. त्याचप्रमाणे अतिशय आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरवून न आणणे हीदेखील क्रूरताच आहे. बंद फाटक आणि पट्टा धरून रोज फिरविणे हा यातील मध्यममार्ग होय.

त्रासलेल्या नागरिकांनीही मर्यादा पाळणे आवश्यक आहे. प्राण्यास विष घालणे, ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

मुख्य धोका रेबीजचा

रेबीज अर्थात अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यानंतर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्गाचे मूळ कुत्रा असतो. मात्र वेळेवर उपचार घेतल्यास हा रोग पूर्णपणे टाळता येतो.

कुत्रा चावल्यास अथवा त्याची नखे लागून ओरखडा आल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी व विनाविलंब रुग्णालयात जावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. लशीच्या मात्रा वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण कराव्यात. रक्त आलेल्या जखमेसाठी लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने काही जण आजही दवाखाना टाळतात. त्या जुन्या लशीचा वापर भारतात २००४ मध्येच थांबला असून, आताची लस दंडात दिली जाते.

शेजाऱ्यांनी काय करावे?

प्रसंग घडून मने तापण्यापूर्वी मालकाशी शांतपणे बोलावे. ‘कुत्र्याला आवरा’ एवढेच सांगण्याऐवजी नेमक्या गोष्टी मागाव्यात : लसीकरणाचे प्रमाणपत्र, फाटकाची दुरुस्ती, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी कुत्रा आत ठेवणे. निर्बीजीकरणामुळे नर कुत्र्यांची भटकण्याची प्रवृत्ती बऱ्याच अंशी कमी होते, हेही मालकाच्या निदर्शनास आणावे.

एवढ्याने न भागल्यास दिनांक, वेळ आणि छायाचित्रे यांची नोंद ठेवावी. गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. कुत्र्याने चावा घेतल्यास पोलिसांतही तक्रार करता येते. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यापुढे पळू नये, स्तब्ध उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हे मुलांना आधीच शिकवावे.

सामूहिक प्रयत्नांचे फळ गोव्यात दिसून आले आहे. तेथे राज्य शासन आणि स्वयंसेवी संस्थांनी दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांचे लसीकरण केले. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. या मोहिमेत पाळीव व भटकी अशा दोन्ही कुत्र्यांना लस देण्यात आली. गल्लीतील एकच कुत्रा लशीवाचून राहिला तरी धोका संपत नाही.

मालकाशी संवाद तुटू न देण्यास आणखी एक कारण आहे. चावा घेणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते. या काळात तो निरोगी राहिल्यास चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते, असा निष्कर्ष काढता येतो आणि त्याआधारे डॉक्टर पुढील मात्रांबाबत निर्णय घेतात. अर्थात उपचार पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास हवेत, दहा दिवस वाट पाहणे जिवावर बेतू शकते. कुत्रा खात-पीत आहे की आजारी पडला, ही बातमी त्या दहा दिवसांत मालकाकडूनच मिळणार असते.